बाई, अधिक करू का वजा? : गणिताच्या तासाआधीची रोजची दहा मिनिटं

तिसरी-चौथीला गणित शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहून खडू खाली ठेवायच्या आत वर्गातून पहिला आवाज येतो तो हाच, "बाई, अधिक करू का वजा?" आणि आपण घाईत सांगून मोकळे होतो, "वजा", की सगळा वर्ग माना खाली घालून वजाबाकी करतो, दशक सुटा करून वगैरे एकदम नीट, उत्तरही बरोबर येतं, आणि त्या उदाहरणात जो काही विचार करायचा होता तो आपणच करून दिलेला असतो. पोरांना आकडेमोड येते हो. अडतं ते त्याच्या आधी, म्हणजे इथे नक्की चाललंय काय, कोणाकडे जास्त आहे, काय माहितीय आणि काय शोधायचंय, हे डोळ्यापुढे उभंच राहत नाही.

फ्रान्समध्ये १९७९-८० च्या सुमारास ग्रनोबल शहरातल्या एका संस्थेने लहान मुलांना प्रश्न दिला होता: एका बोटीवर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांपैकी ७६ जणांनी दिलेले आकडेच इकडेतिकडे जुळवून कप्तानाचं वय सांगून टाकलं. हसू येतं, पण उद्या आपल्या वर्गात "रिक्षात ३ माणसं आणि ४ पिशव्या आहेत, रिक्षावाल्या काकांचं वय किती?" असं विचारून बघा, कोणीतरी सात म्हणणारच, आणि "अरे सात वर्षांचे काका?" म्हटलं की लगेच "मग बारा!" (गुणाकार शिकवून झाला असेल तर). मुलं मूर्ख नाहीयेत, त्यांना एवढंच कळलंय की गणितात दोन आकडे दिले की त्यांचं काहीतरी करायचं असतं आणि बाई खूश होतात.

ही सवय धडा शिकवून मोडत नाही, रोज थोडं थोडं करून मोडते. म्हणून हा वॉर्म-अपचा प्रकार. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत प्राथमिकला शिकवते, पट चाळीसच्या वर, एक फळा, प्रोजेक्टर असला तरी लाइट असेल याची खात्री नाही, तर त्या हिशोबाने लिहितेय. घरी एका मुलाला घेऊन बसणाऱ्या आईबाबांना यातलं बरंचसं अजून सोपं जाईल.

आता वॉर्म-अप म्हणजे काय ते आधी स्पष्ट करते, कारण बऱ्याच ठिकाणी त्या नावाखाली पाढे म्हणवून घेतात. पाढे हवेतच, माझं काही वाकडं नाही त्यांच्याशी, पण ते वेगळ्या वेळी म्हणा, परिपाठानंतर म्हणा, रांगेत उभं असताना म्हणा. वॉर्म-अप म्हणजे रोज एकच प्रश्न, आठ ते दहा मिनिटं, पुस्तक उघडायच्या आधी, वह्या बंद, मार्क नाहीत, आणि उत्तरापेक्षा "तुला कसं कळलं?" यावर जास्त बोलणं. बस. पाच उदाहरणं फळ्यावर देऊन "पटापट सोडवा" हा वॉर्म-अप नाही, ती छोटी परीक्षा झाली, आणि त्यात जे चार-पाच जण नेहमी पहिले असतात तेच पहिले येतात.

त्या चार-पाच जणांचा बंदोबस्त आधी करा. हात वर करायचा नाही हा पहिला नियम. मूठ छातीशी धरायची, उत्तर मिळालं की अंगठा वर, आणि दुसऱ्या रीतीनेही सुटतंय असं वाटलं तर अजून एक बोट. अमेरिकेत नंबर टॉक नावाचा जो प्रकार शाळांमध्ये चालतो त्यातली ही युक्ती आहे, आणि ती खरंच चालते, कारण "मी! मी! बाई मी!" बंद होतं आणि हळू विचार करणारं पोर विचार अर्धवट सोडून देत नाही. आणि आपण थांबायचं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधल्या बोलण्याच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांबतात, नुसतं गप्प बसणं कमी होतं. शाब्दिक उदाहरणाला तर मी अर्धा-पाऊण मिनिट सरळ शांतता ठेवते. सुरुवातीला ती शांतता आपल्यालाच सहन होत नाही, काहीतरी हिंट द्यावीशी वाटते, तेव्हा सरळ फळ्याकडे तोंड करून तारीख-वार लिहीत बसा.

आता एक पूर्ण वॉर्म-अप कसा चालतो ते सांगते. फळ्यावर लिहायचं:

सईकडे १२ गोट्या आहेत. त्या ओमपेक्षा ५ जास्त आहेत. ओमकडे किती?

दोनदा मोठ्याने वाचायचं, एकदा आपण, एकदा एखाद्या मुलाने. मग मुठी, मग अंगठे. बरेच अंगठे वर आले की फक्त उत्तरं विचारायची आणि जी येतील ती सगळी फळ्यावर एका ओळीत लिहायची, चेहरा कोरा ठेवून. ही चेहऱ्याची प्रॅक्टिस करावी लागते, कारण बरोबर उत्तर आलं की आपल्या भुवया वर जातात आणि मुलं भुवया वाचण्यात पीएचडी असतात. साधारण १७, ७ आणि कधीकधी ६० पण येतं. १७ वाले नेहमी जास्त असतात, "जास्त" शब्द दिसला की बेरीज, हे कुठेतरी पक्कं बसलेलं असतं (आणि कुठे ते आपल्याला माहितीय, "एकूण आलं की अधिक, उरले आलं की वजा" असे तक्ते आपल्याच भिंतींवर लागलेले असतात. ते काढा. खरंच काढा.)

आता उत्तराबद्दल काहीच बोलायचं नाही. विचारायचं, "गोट्या कोणाकडे जास्त?" इथे वर्ग दोन तट पाडतो आणि भांडतो, भांडू द्यावं. मग म्हणायचं, बरं, चित्र काढू. दोन पट्ट्या, एकीवर सई, एकीवर ओम. कोणाची पट्टी लांब? फळ्यापाशी एका मुलाला बोलवून काढायला लावायची, आपण नाही काढायची. सईची लांब निघाली, तिच्यावर १२ लिहिले, वरचा तुकडा ५ चा दाखवला, की मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडतंच, "बाई, १७ असतील तर ओमकडेच जास्त झाल्या की!" हे वाक्य आपल्याला हवं होतं. ते मुलाच्या तोंडून आलं की त्याची किंमत वेगळी, आपण दहा वेळा सांगून जे होत नाही ते एका झटक्यात होतं. मग एकच शब्द बदलायचा, "त्या ओमपेक्षा ५ कमी आहेत", पट्ट्या परत काढायच्या, आणि थांबायचं. दहा मिनिटं संपली. "कळलं का सगळ्यांना?" विचारू नका, सगळे हो म्हणतात.

या पट्ट्या म्हणजे सिंगापूरच्या शाळांमध्ये १९८० च्या दशकापासून वापरतात तो बार मॉडेल, पण नाव सांगायची गरज नाही, पोरं "बाई पट्टी काढू?" म्हणतात तेच बरं. सेमी-इंग्रजीच्या वर्गाला तर याची डबल गरज आहे, कारण तिथे "मोर दॅन" आणि "लेस दॅन"ने हाच गोंधळ होतो आणि वर परत भाषेचा गोंधळ. आमच्याकडे घरी मराठी न बोलणारी मुलं बरीच आहेत, कानडी, हिंदी, भोजपुरी, त्यांना पट्टी लगेच कळते, वाक्य नंतर कळतं. चालेल, उलट्या क्रमाने गेलं तरी चालेल.

जॉर्ज पोल्या म्हणून एक मोठे गणिती होऊन गेले, त्यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवायच्या चार पायऱ्या मांडल्या: समजून घ्या, बेत ठरवा, करा, आणि मागे वळून तपासा. आपल्या शाळेत तिसरी पायरी भरपूर होते, पुस्तक आहे, व्यवसायमाला आहे, क्लास आहे. राहतात त्या पहिली आणि चौथी. माझं मत असं की वॉर्म-अपमध्ये फक्त याच दोन करायच्या. आकडेमोड मुद्दाम सोपी ठेवायची, म्हणजे डोकं तिकडे खर्च होत नाही.

पहिल्या पायरीसाठी माझा सगळ्यात आवडता प्रकार म्हणजे आकडेच काढून टाकलेली गोष्ट. मंडईत एक आजी मेथीच्या जुड्या घेऊन बसल्या. सकाळी काही विकल्या. दुपारी मुलाने अजून थोड्या आणून दिल्या. संध्याकाळी घरी जाताना काही उरल्या. एवढंच. आता यात बेरीज-वजाबाकी करताच येत नाही ना, करणार कशाची! मग विचारायचं, काय काय प्रश्न विचारता येतील? पहिल्या दिवशी पोरं गोंधळून बघतात, कोणी म्हणतं "आजीचं नाव काय", तेही लिहायचं फळ्यावर. मग हळूहळू येतात, किती विकल्या, दुपारी किती आणल्या, दिवसभरात एकूण किती विकल्या, पैसे किती मिळाले. मग एकेक आकडा द्यायचा. सकाळी ६० आणल्या. सकाळी ४५ विकल्या. दुपारी २० आल्या. शेवटी ८ उरल्या. दिवसभरात एकूण किती विकल्या?

"एकूण" वाचून ६० + ४५ + २० + ८ = १३३ करणारे निघतील, निघू देत. तेव्हा चौथी पायरी: "आजीकडे दिवसभरात सगळ्या मिळून जुड्या आल्या किती?" ऐंशी. "ऐंशी आणल्या आणि १३३ विकल्या?" वर्ग जो हसतो ना, त्या हसण्यातच तपासून बघायची सवय लागते. उत्तर ७२. आणि यात अजून एक मजा आहे, सकाळच्या ४५ ची गरजच नाही. ६० आणि २० मिळवले, ८ काढले, झालं. "मग तो आकडा दिला कशाला?" असं एखाद्याने चिडून विचारलं की समजायचं गाडी रुळावर येतेय, कारण दिलेला प्रत्येक आकडा वापरलाच पाहिजे ही दुसरी मोठी अंधश्रद्धा आहे. स्कॉलरशिपच्या पेपरात मुलं तिथेच आपटतात.

दुसरा प्रकार आकड्यांच्या गप्पा. एकच बेरीज, तोंडी, वेगवेगळ्या रीतींनी. ४९ + २६ घ्या. उभी मांडणी डोक्यात करणारा म्हणेल नऊ आणि सहा पंधरा, पाच लिहिले हातचा एक. ठीकच आहे. पण कोणीतरी म्हणेल, एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी, सव्विसातला एक त्याला दिला, पन्नास आणि पंचवीस, पंचाहत्तर. आपल्या मराठी मोजणीत एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ हे सगळे पुढच्या दशकाला चिकटूनच येतात, नव्व्याण्णव तेवढा वेगळा, तर याचा फायदा करून घ्या. उलट त्रेपन्न ऐकून ३५ लिहिणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात कारण ऐकू आधी तीन येतात, त्यांच्यासाठी पहिले काही आठवडे मी "त्रेपन्न, पन्नास आणि तीन" असं दोन्ही म्हणते. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात हीच जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा काय गदारोळ झाला होता, टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सअॅपवर जोक, पण वर्गात उभं राहणाऱ्याला विचारा, अडणाऱ्या पोराला ती मदत करते. असो.

प्रत्येक रीत फळ्यावर त्या मुलाच्या नावाने लिहायची, "सव्विसातला एक देण्याची रीत" आणि पुढे नाव. पोरं फुशारतात आणि दुसऱ्या दिवशी दुसरी मुलं "मी तिची रीत वापरली" म्हणतात. चुकीची रीत आली तरी लिहायची, बहुतेक वेळा सांगता सांगता ते मूल स्वतःच थांबतं, "थांबा बाई, चुकलं." तिथे टाळ्या नकोत, शाबासकी नको, नुसतं "बरं, मग?" एवढं म्हणायचं.

ठिपके पण घ्या. रांगोळीचे. मधल्या ओळीत ७, मग वर आणि खाली एकेक कमी करत ४ पर्यंत, म्हणजे सात ते चारची रांगोळी, घरी आज्या काढतात ती. ठिपके काढून फळा अर्धं मिनिट दाखवायचा, वरून पेपर धरायचा, आणि विचारायचं किती आणि कसे मोजले? ३७. कोणी ओळी मोजतं, कोणी ४ आणि ६ दहा, ५ आणि ५ दहा, ६ आणि ४ दहा, वर मधले ७. आणि एकदा एका मुलीने मधला एक ठिपका, त्याच्याभोवती ६, त्याच्याभोवती १२, मग १८ असं गोल गोल सांगितलं तेव्हा मलाच फळ्यापाशी जाऊन बोट ठेवून बघावं लागलं. गणितात "मला येत नाही" म्हणणाऱ्या मुली रांगोळीला एकदम पुढे येतात हेही लक्षात घ्या.

अंदाजाचा दिवस हा सगळ्यात कमी तयारीचा. पर्वतीला पायऱ्या किती? आधी "इतक्या कमी तर असूच शकत नाहीत" असा एक आकडा, मग "इतक्या जास्त असूच शकत नाहीत" असा एक, मग स्वतःचा अंदाज. साधारण १०३ सांगतात, रविवारी कोणीतरी मोजून येतंच आणि सोमवारी कोणाचे १०३ तर कोणाचे १०५ आणि मग परत भांडण, पहिली पायरी धरायची का नाही. चिंचोक्यांची बरणी, ग्रंथालयाच्या कपाटातली पुस्तकं, काहीही चालतं. हा दिवस हलका वाटतो, पण "उत्तर साधारण कुठे असायला हवं" हे आधी म्हणायची सवय इथूनच लागते आणि मग १३३ जुड्या लिहिताना हात थबकतो.

आता प्रश्न आणायचे कुठून, तर पुण्यात राहून हा प्रश्न पडू नये. मेट्रो घ्या. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप. वनाजला बसलो, नळ स्टॉपला उतरलो, एका स्टेशनपासून पुढच्या स्टेशनला ३ मिनिटं लागतात असं धरू, किती मिनिटं? चार स्टेशनं, चार त्रिक बारा, सगळा वर्ग बारावर ठाम. मग चार मुलांना पुढे उभं करा, एक जण गाडी, आणि चालायला लावा. तीनदाच चालावं लागलं. नऊ. मग लगेच वनाज ते रामवाडी सगळी १६ स्टेशनं, मधली अंतरं किती? इथे सूत्र सांगायचा मोह आवरा, "एक कमी करायचं" असं एकदा सांगितलं की पोरं ते जिथे नको तिथेही एक कमी करत बसतात. चालू देत त्यांना.

आणि भागाकाराचा हा तर नक्की घ्याच, चौथी-पाचवीला. ४२ आणि १२, तीन वेगवेगळ्या दिवशी:

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात ४२ मुलांना न्यायचंय, एका गाडीत १२ बसतात, गाड्या किती? (४)

४२ लाडू आहेत, १२-१२ चे डबे भरायचेत, पूर्ण भरलेले डबे किती? (३)

४२ रुपये १२ जणांत सारखे वाटायचेत, प्रत्येकाला किती? (साडेतीन रुपये)

भागाकार एकच, उत्तरं तीन. पहिल्याला "३ गाड्या बाकी ६" असं लिहिणारी मुलं भरपूर, तेव्हा शांतपणे विचारायचं, "मग ही बाकी सहा जणं काय करणार, चालत येणार कात्रजला?" चौथ्या दिवशी तिन्ही शेजारी शेजारी लिहून नुसतं बघत बसायला लावा. माझ्या मते बाकीचं काय करायचं हे समजणं हा सगळ्या प्राथमिक भागाकारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि पुस्तकात त्याला फार जागा मिळत नाही.

मंडईचा भाव पण छान चालतो. पाव किलो भेंडी २० रुपये, तर सव्वा किलो कितीला? जुनी माणसं पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायची, ते आता गेलं, पण सव्वा म्हणजे पाच पाव हे दिसलं की शंभर रुपये तोंडी येतं. ज्यांच्या घरी हातगाडी नाहीतर दुकान आहे ती मुलं इथे मास्तर होतात, त्यांनाच शिकवू द्यावं.

कधीतरी नुसत्या गमतीसाठी कापरेकर. दत्तात्रय कापरेकर आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, पुढे देवळालीला शाळेत शिक्षक होते, ६१७४ या आकड्याची गंमत त्यांनी १९४९ मध्ये जगापुढे ठेवली (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजा करत राहिलं, सगळे अंक सारखे नसले, की शेवटी ६१७४ वरच येऊन थांबतं). पोरांना हे जरूर सांगा, एक शाळामास्तर होते म्हणून. लहान मुलांसाठी दोन अंकी करा: ५२ घ्या, मोठी संख्या आणि तिचेच अंक उलटे करून छोटी संख्या, वजा करा, ५२ – २५ = २७. परत ७२ – २७ = ४५. ५४ – ४५ = ९. नवाला ०९ धरून ९० – ०९ = ८१. ८१ – १८ = ६३. ६३ – ३६ = २७, आलो की परत! कुठलीही संख्या घेतली (दोन्ही अंक सारखे नको) तरी याच फेऱ्यात अडकते. चौथीला तीन अंकी द्या, ३५२ घेतली तर अंक मोठ्याकडून लहानाकडे लावून ५३२ – २३५ = २९७, मग तसंच ६९३, ५९४ आणि मग ४९५, पुढे ४९५ च. वजाबाकीचा एवढा सराव पोरं स्वतःहून दुसऱ्या कशासाठी करणार नाहीत. हे एका दिवसात संपत नाही, फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू दे.

आणि बंड्या. आमच्या वर्गात बंड्या नावाचा एक काल्पनिक मुलगा आहे जो सगळं आत्मविश्वासाने चुकीचं करतो. "बंड्याने नळ स्टॉपचं उत्तर १२ काढलं, त्याला काय सांगाल?" खऱ्या मुलाची चूक फळ्यावर घेतली की ते मूल कोमेजतं, बंड्याचं काय जातंय. फक्त एक अट, "चूक आहे" एवढं म्हणून चालणार नाही, बंड्याला तसं का वाटलं असेल तेही सांगायचं. हे भारी अवघड आहे, मोठ्यांनाही जमत नाही.

वेळेचं काय, हा प्रश्न स्टाफरूममध्ये येतोच. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा गेली तर अभ्यासक्रम कधी संपणार? माझा अनुभव असा की पहिला महिना खरंच मागे पडल्यासारखं होतं, नंतर शाब्दिक उदाहरणांच्या घटकात प्रत्येकाच्या बाकापाशी जाऊन "अधिक कर, वजा कर" सांगण्यात जो वेळ जायचा तो वाचायला लागतो. पण दहाची पंधरा होऊ देऊ नका. घड्याळ लावा, चर्चा रंगात आली तरी तोडा, "उद्या बघू" म्हणा, रात्री घरी जाऊन आईबाबांशी भांडतील, भांडू देत. आणि रोज म्हणजे रोज, आठवड्यात एकदा पाऊण तास केल्याने हे होत नाही. युनिट टेस्टच्या दिवशी सोडा फारतर.

नोंद एवढीच ठेवायची: एका जुन्या डायरीत तारीख, प्रश्न, आणि कोण बोललं. दोन आठवड्यांनी मागे बघितलं की कळतं, अमुक आठ नावं कुठेच नाहीत. त्यांना सगळ्यांसमोर उभं करू नका, आधी शेजाऱ्याला सांगायला लावा, दोन-दोनच्या जोड्या, मग शेजारी वर्गाला सांगेल "हा असं म्हणतोय". दुसरी-तिसरी एकत्र बसवलेला वर्ग असेल तर तोच प्रश्न, दुसरीला १२ आणि ५, तिसरीला १२० आणि ४५, गोष्ट एकच.

घरी करायचं तर वही-पेन काढूच नका, ते दिसलं की अभ्यास होतो. गाडीवरून जाताना सिग्नलला, वरणाला फोडणी देताना, बाजारात. आणि आईबाबांना एकच कळकळीची विनंती, मूल उत्तर देतं तेव्हा लगेच "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका, दोन्ही वेळेला "कसं काढलंस?" विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं तर दोन दिवसांत त्याला कळतं की हा प्रश्न म्हणजे चूक आहे, आणि ते उत्तर बदलायला लागतं.

शुक्रवारी प्रश्न मुलांनी करायचे. चतकोर कागदावर एक प्रश्न, मागे उत्तर आणि पट्टी, खोक्यात टाकायचा. सुरुवातीला "माझ्याकडे ५ लाख पेन आहेत मी ३ लाख दिले" असले येतात, वाचून दाखवा, हसा. मग अट घालायची की एक आकडा जादाचा हवा, जो लागतच नाही. दुसऱ्या आठवड्यात अट, की उत्तर वजाबाकीने यायला हवं पण "उरले" शब्द वापरायचा नाही. असा प्रश्न तयार करताना जे चेहरे होतात ते बघा एकदा. खोक्यातला एक चांगला निवडून सोमवारी फळ्यावर घ्यायचा, करणाऱ्याचं नाव न सांगता, आणि वर्ग फसला की मग नाव सांगायचं.